मग सगळेच इथे का नाहीत?

गेल्या महिन्यात नात चार दिवस राहायला आली होती. ती 'कम्युनिटी मेडिसिन' या विषयात एम.डी. करते आहे. (हा विषय म्हणजे काय, हे आमच्या सोसायटीतल्या बायकांना सांगताना माझी पुरेवाट होते. "म्हणजे पेशंट तपासत नाही का ती?" असं विचारतात. तपासते, पण एकेक माणूस तपासण्याऐवजी अख्खी वस्ती तपासते, असं मी ठोकून देते.) प्रबंधाचं काम सोबत आणलं होतं, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर चार दिवस कागदच कागद. त्यातल्या एका कागदावर एक चौकट दिसली. मधोमध एक उभी रेघ, एक आडवी रेघ, चार खण, प्रत्येक खणात एक आकडा. लहानपणी आपण फुली-गोळा खेळायचो, त्याच्या चौकटीची धाकटी बहीणच म्हणा ना.

"हे काय गं?"

"ऑड्स रेशो काढतेय, आजी."

मी इतिहास आणि मराठी शिकवणारी बाई. गणिताशी माझा संबंध अकरावीच्या परीक्षेनंतर संपला. पुढे तो राहिला फक्त वाण्याच्या बिलापुरता आणि निकालपत्रकाच्या बेरजांपुरता. तरी विचारलं, की हे कशाला काढतात? ती म्हणाली, "समज, तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं घेतली, आणि न झालेली माणसंही घेतली. दोघांनाही विचारलं, तंबाखू खात होता का? मग..."

मी मेथी निवडत होते ती थांबले. यातला अर्धा प्रश्न मला १९८७ साली एकाने विचारला होता आणि त्याचं उत्तर मला देता आलं नव्हतं.

विचारणारा माझा दादा.

दादा लालबागला चाळीत राहायचा, गिरणीत साच्यावर होता. गिरणीत काडी पेटवायला सक्त मनाई, कापसाचा कण न् कण पेट घेणारा. त्यामुळे बिड्या फाटकाबाहेर राहायच्या आणि आत गालात तंबाखू-चुन्याचा बार. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला. गिरणी सुटली, तंबाखू सुटली नाही. रिकाम्या हातांना मळायला काहीतरी लागतंच. १९८६च्या दिवाळीत गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याची जखम झाली. परळला टाटा रुग्णालयात ऑपरेशन झालं. मला तेव्हा भाईंदरला येऊन आठ वर्षं झाली होती. शाळा सुटली की डबा घेऊन गाडी पकडायची, एल्फिन्स्टन रोडला (म्हणजे आताच्या प्रभादेवीला) उतरायचं आणि चालत रुग्णालय गाठायचं.

एकदा मी शिक्षिकेच्या सुरात म्हणाले, "बघ जरा या वॉर्डात. सगळे तंबाखू खाणारेच आहेत. आता तरी पटलं ना?" दादाला ऑपरेशननंतर बोलता येत नव्हतं. मी शाळेतली एक पाटी त्याला नेऊन दिली होती. त्याने पाटीवर लिहिलं, 'चाळीत पण सगळेच खातात. मग सगळेच इथे का नाहीत?'

मी काहीतरी बोलले. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, नशीब असतं, असलं काहीतरी. दादा हसला, जेवढं त्याला हसता येत होतं तेवढं. १९८८च्या फेब्रुवारीत तो गेला. वहिनीने पाटी परत केली, ती मी पुढे शाळेत वापरली नाही.

असो. नातीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "दादाआजोबांचा प्रश्न अगदी बरोबर होता गं. तू त्यांना फक्त अर्धी चौकट दाखवलीस." मग तिने मला दोन संध्याकाळ बसवून शिकवलं. (तिला म्हटलं, उलटी गंगा!) मी त्याला इतिहासाची जोड दिली, कारण मला कुठलीही गोष्ट सनावळीशिवाय समजत नाही. ते सगळं इथे मांडते. चूक असली तर ती माझी.

कुठल्याही आजाराचं कारण शोधायचे मोठे रस्ते दोन. एक पुढे जाणारा, एक मागे जाणारा. गंमत म्हणजे आपल्या मुंबईत, त्यातही परळ-भायखळ्याच्या दोन-तीन मैलांत, दोन्ही रस्ते चालून झालेले आहेत.

पुढे जाणारा रस्ता प्लेगचा. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली, बाकीच्यांना नाही, आणि मग दोन्ही गटांत कोण आजारी पडतं, कोण दगावतं, हे पाहिलं. लस घेतलेल्यांत प्लेग कमी झाला. इथे हिशोब सरळ आहे. इतक्यांपैकी इतके आजारी, तितक्यांपैकी तितके. शेकडेवारी काढा, तुलना करा. प्लेग चार-आठ दिवसांत निकाल लावतो, म्हणून हे जमलं.

कॅन्सरचं काय? तो वीस-तीस वर्षं घेतो. आज हजार तरुण निवडायचे आणि ते म्हातारे होईपर्यंत वाट पाहायची, तर मोजणाराच आधी म्हातारा होईल. म्हणून मागे जाणारा रस्ता. आधी आजारी माणसं गोळा करायची, मग त्यांच्यासारखीच पण तो आजार नसलेली माणसं, आणि दोघांनाही त्यांच्या भूतकाळाबद्दल विचारायचं. आम्ही इतिहासवाले दुसरं काय करतो? आधी घटना, मग कारणांचा माग. जॅनेट लेन-क्लेपन नावाच्या एका ब्रिटिश डॉक्टरीणबाईंनी १९२६ साली स्तनांच्या कॅन्सरवर असा अभ्यास केला होता, ५०० आजारी बायका आणि ५०० तो आजार नसलेल्या. तो बराच काळ कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. बायकांनी केलेली कामं राहात नाहीतच लक्षात.

सगळ्यांच्या लक्षात राहिला तो १९५० सालचा लंडनचा अभ्यास. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी लंडनमधल्या वीस रुग्णालयांत फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि दुसऱ्या आजारांचे रुग्ण यांच्या मुलाखती घेतल्या. सुरुवातीला संशय मोटारींच्या धुरावर आणि रस्त्यांच्या डांबरावरही होता. पुरुषांचे आकडे असे. कॅन्सरचे ६४९, त्यांतले ६४७ धूम्रपान करणारे, फक्त २ न करणारे. दुसरा गटही ६४९चाच. त्यांतले करणारे किती असावेत? ६२२! न करणारे २७.

इथे नातीने मला थांबवलं आणि विचारलं, "तू वॉर्डात काय पाहिलंस?" मी पाहिले होते ते ६४७. "आणि दादाआजोबांनी काय पाहिलं?" दादाने चाळीतले ६२२ पाहिले होते. दोघेही खरंच बोलत होतो. नुसते धूम्रपान करणारे मोजले तर ६४७ आणि ६२२ यांत फरक तो काय? शंभरात शहाण्णव आणि शंभरात जवळजवळ शंभर. कुणी मनावरही घेणार नाही. खरी गोष्ट त्या दोन लहान खणांत आहे, २ आणि २७. व्यसन नसलेली माणसं चांगल्यापैकी आढळतात कुठे, आणि जवळजवळ गायबच कुठे आहेत? मी वॉर्डात तंबाखू *न* खाणारे शोधायला हवे होते, आणि मग चाळीतही न खाणारे शोधायला हवे होते. हे मला तेव्हा सुचलं असतं, तर पाटीवर लिहून दाखवलं असतं.

आता 'ऑड्स' म्हणजे काय ते. मराठीत यासाठी पुस्तकी शब्द असतीलही, पण आमच्या चाळीत यासाठी सरळ शब्द होता, 'भाव'. शर्यतीच्या घोड्यांवर पैसे लावणारे एक काका होते, ते म्हणायचे, "आज अमक्याचा भाव एकास चार आहे." म्हणजे जिंकण्याची बाजू एक, हरण्याची बाजू चार. शाळेत आपण संभाव्यता शिकवतो ती वेगळी, पाचांत एक. दोन्हींत माहिती तीच, पण मांडणी निराळी. संभाव्यतेत एकूण किती हे खाली लिहावं लागतं, भावात नुसत्या दोन बाजू समोरासमोर उभ्या करायच्या. एकूण माहीत नसले तरी भाव लिहिता येतो. हे वाक्य मी दोनदा म्हणून घेतलं, कारण सगळी किल्ली इथेच आहे.

मग कॅन्सर झालेल्यांत व्यसनाचा भाव ६४७ ला २. न झालेल्यांत ६२२ ला २७. एका भावाला दुसऱ्याने भागायचं. किंवा आपण सातवी-आठवीत शिकलो तसा तिरकस गुणाकार करायचा. ६४७ गुणिले २७, भागिले ६२२ गुणिले २. मी कॅल्क्युलेटर न घेता कागदावर केलं, १७४६९ भागिले १२४४, उत्तर १४ आणि थोडं. हाच ऑड्स रेशो. दोन भावांचं गुणोत्तर.

पण या १४चा अर्थ काय? लंडनमध्ये त्या वेळी एकूण धूम्रपान करणारे किती आणि त्यांतल्या किती जणांना कॅन्सर झाला, हे या अभ्यासातून कळतच नाही, कारण आजारी ६४९ आणि दुसरेही ६४९ ही जोडी अभ्यास करणाऱ्यांनी जमवलेली. खऱ्या लंडनमध्ये माणसं काही निम्मी-निम्मी आजारी नव्हती. मग मागे जाऊन काढलेल्या भावावरून पुढचं कसं सांगायचं? १९५१ साली जेरोम कॉर्नफील्ड या अमेरिकन गृहस्थांनी हे कोडं सोडवलं. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत काम करत. पुढे १९७४ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. आणि त्यांची पदवी कशातली? इतिहासातली! १९३३ची, न्यूयॉर्क विद्यापीठाची, आणि त्यापुढची पदवी नाहीच. हे नातीलासुद्धा माहीत नव्हतं. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! इतिहास घेऊन काय होणार, असं आम्हाला आयुष्यभर ऐकवलेल्या समस्त नातेवाइकांनी कृपया नोंद घ्यावी.

कॉर्नफील्ड यांचं म्हणणं नातीने एका काल्पनिक गावावरून समजावलं. समजा, दहा हजार वस्तीचं गाव आहे. २००० जण तंबाखू खातात, त्यांतल्या २० जणांना आजार झाला. ८००० जण खात नाहीत, त्यांतल्या १० जणांना झाला. सरळ हिशोब केला तर खाणाऱ्यांत शंभरात एक, न खाणाऱ्यांत आठशेत एक. म्हणजे आठपट. आता भाव लावू. खाणाऱ्यांत २० ला १९८०, न खाणाऱ्यांत १० ला ७९९०. तिरकस गुणाकार केला की ८.०७. जवळजवळ तेच. कारण आजार क्वचित होणारा असला की '२००० पैकी' आणि '१९८० ला' यांत फारसा फरक पडत नाही.

आता समजा, आपल्याला सगळं गाव पालथं घालणं परवडत नाही. रुग्णालयात ३० आजारी आहेत ते सगळे घेतले, २० खाणारे, १० न खाणारे. गावातल्या निरोगी माणसांतून दहात एक उचलला, तर त्यांत १९८ खाणारे आणि ७९९ न खाणारे येतील. या कागदावर शेकडेवारी काढाल तर फसाल. खाणाऱ्यांत २१८ पैकी २०, म्हणजे शंभरात नऊ, असं दिसेल, आणि गावात खरा आकडा तर शंभरात एक. भाव मात्र? २० गुणिले ७९९, भागिले १० गुणिले १९८. पुन्हा ८.०७! मी स्वतः दोनदा करून पाहिलं. निरोगी दहात एक घ्या की शंभरात एक, दोन्ही खण सारखेच आकसतात आणि भागाकारात ते आकसणं निघून जातं. गाव न मोजता गावाची गोष्ट कळते. हे जेव्हा मला समजलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी झोपलेल्या मुलाला उठवून सांगायच्या बेतात होते.

आणि दादाच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तरही याच गावात आहे. आठपट धोका असूनही २००० खाणाऱ्यांतले १९८० जण मजेत आहेत. चाळीच्या गॅलरीत तंबाखू मळत उभे आहेत, दादाला रोज भेटतात. रुग्णालयात ते दिसणार नाहीत. 'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत खात होते, काही झालं नाही' असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं. तो आजोबा खोटा नाही. तो १९८० मधला आहे.

आता आपल्या मुंबईकडे येते. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. (आमची मीरा-भाईंदर महानगरपालिकाही २८ फेब्रुवारीचीच, साल २००२. काही संबंध नाही, पण तारखा जुळल्या की आमच्यासारख्यांना राहवत नाही.) तिथल्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. पुढे १९६० पासून तीन वर्षं ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही होते. त्यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. विलायतेत तेव्हा हा आजार त्या मानाने कमी, आणि इथे वॉर्ड भरलेले. म्हणजे लोकांच्या सवयींत काहीतरी आहे. १९४५ साली त्यांनी एका सहकारी बाईंबरोबर, म्हणजे डॉ. सूर्याबाईंबरोबर, लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांवर एक निबंध लिहिला. त्यात कमरेला धोतर घट्ट आवळण्याच्या जागी होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरचीही नोंद आहे. धोतर काय, विडा काय! घराघरांतल्या गोष्टी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या.

पण आढावा म्हणजे मुख्यतः चौकटीची एक बाजू, माझ्या वॉर्डासारखी. दुसरी बाजू मांडून केलेला अभ्यास १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. लिहिणारे डॉ. संघवी, डॉ. राव आणि डॉ. खानोलकर. विषय होता तंबाखू ओढणं, तंबाखू चघळणं आणि तोंड-घशाचे कॅन्सर. त्यात एक बारकावा मला फार आवडला. चघळणाऱ्यांचा धोका मुख्यतः तोंडाच्या पुढच्या भागात, गाल आणि हिरड्यांकडे. बिडी ओढणाऱ्यांचा मागे, जिभेच्या मुळाकडे आणि घशाकडे. जिथे बार ठेवायचा तिथे जखम, जिथून धूर जायचा तिथे जखम. दादाचा गाल डावा. बारही तो डाव्याच गालात धरायचा.

मग १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत कॅन्सर रजिस्ट्री सुरू केली, देशातली अशी पहिली. शहरात कुणाला कुठला कॅन्सर झाला याची रीतसर वही. डॉ. जसावाला आणि देशपांडे यांचा १९७१चा अभ्यास झाला, त्यात तुलनेची निरोगी माणसं मुंबईच्या मतदारयादीतून घेतली होती. मतदारयादी! आम्ही शिक्षकांनी उन्हातान्हात दारोदार फिरून केलेल्या याद्यांचा असा उपयोग होतो हे कुणी सांगितलं असतं, तर थोड्या कमी कुरकुरीने केल्या असत्या.

तुलनेचा गट कुठून आणायचा, यात सगळी ग्यानबाची मेख आहे. रुग्णालयातलेच दुसरे रुग्ण घेतले, तर त्यांचा आजारही कदाचित तंबाखूमुळेच झालेला असेल, मग भाव मुळातच बिघडला. शिवाय आजारी माणूस आठवून आठवून सांगतो, निरोगी माणूस 'छे, कधीतरी' म्हणून मोकळा होतो. आणि प्रश्न कसा विचारला? माझी आई रोज सकाळी तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करायची आणि दातांना लावायची, दुपारीही एकदा. तिला कुणी विचारलं असतं, "आजी, तंबाखू खाता का?" तर तिने रागावून "नाही" म्हटलं असतं. मिश्री म्हणजे तंबाखू खाणं, हे तिच्या हिशोबात बसतच नव्हतं. ती चौकटीत चुकीच्या खणात जाऊन बसली असती. नात म्हणाली की आता प्रश्नावलीत मिश्री वेगळी विचारतात, सुपारीही वेगळी विचारतात. बरं झालं, कारण २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही कॅन्सरकारक म्हणून जाहीर केली. हे वाचून मी आमच्या देवघरातली पूजेची सुपारी सोडून घरातली बाकीची सुपारी काढून टाकली. मुखवासाच्या डबीत आता बडीशेप असते.

या सगळ्यावर आक्षेप घेणारेही लहानसहान नव्हते. रोनाल्ड फिशर म्हणजे संख्याशास्त्राचे भीष्माचार्य. ते पाइप ओढायचे आणि तंबाखू कंपन्यांच्या समितीचे सल्लागारही होते. १९५७-५८च्या सुमारास त्यांनी लिहिलं, की कदाचित काही माणसांचा पिंडच असा असेल की त्यांना सिगारेटही आवडते आणि कॅन्सरही होतो. मग दोष सिगारेटचा कसा? मी दादाला म्हटलं होतं ना, "प्रत्येकाची प्रकृती"? तर मी नकळत फिशरसाहेबांच्या बाजूने बोलले होते! याला उत्तर १९५९ साली पुन्हा कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दिलं. त्यांचा मुद्दा असा: सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नऊपट असेल आणि तो सगळा कुठल्यातरी लपलेल्या पिंडामुळे होत असेल, तर तो पिंड ओढणाऱ्यांत न ओढणाऱ्यांच्या निदान नऊपट आढळला पाहिजे. आहे असा कुठला पिंड? दाखवा. कुणी दाखवला नाही. डॉल यांनी तर स्वतःचे आकडे येत असतानाच सिगारेट सोडली होती.

आता एक सावधगिरीची गोष्ट, ही पेपर वाचणाऱ्या सगळ्या काका-मामांसाठी. ऑड्स रेशोला 'इतकी पट शक्यता' म्हणणं फक्त आजार क्वचित होणारा असतानाच चालतं. नेहमी घडणाऱ्या गोष्टीला ते लावलं की फजिती. आमच्या शाळेचंच उदाहरण बनवून सांगते. समजा, जादा तासाला बसलेल्या १०० मुलांतली ९० पास झाली, न बसलेल्या १०० मधली ६०. दीडपट, बरोबर ना? भाव लावा. बसलेल्यांत ९० ला १०, म्हणजे नवास एक. न बसलेल्यांत ६० ला ४०, म्हणजे दीडास एक. नऊ भागिले दीड, सहा! 'जादा तासामुळे पास होण्याची शक्यता सहापट' अशी जाहिरात कुठल्याही क्लासवाल्याला करता येईल आणि आकडा त्याने खोटा दिलेला नसेल. अमेरिकेत १९९९ साली हे खरोखर घडलं. हृदयाच्या तपासणीसाठी डॉक्टर कुणाला पाठवतात, या अभ्यासात गोऱ्या रुग्णांना शंभरात ९०.६ वेळा पाठवलं, काळ्या रुग्णांना ८४.७ वेळा. भावांचं गुणोत्तर ०.६ आलं, आणि वर्तमानपत्रांनी छापलं की काळ्यांना पाठवण्याची शक्यता ४० टक्के कमी. खरं गुणोत्तर ०.९३, म्हणजे सात टक्के कमी. भेदभाव होता, पण छापला त्याच्या कितीतरी पट कमी. त्याच वर्षी तीन डॉक्टरांनी ही चूक दाखवून दिली.

पुढे जाणारा रस्ताही मुंबईत शेवटी चालला गेला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मतदारयाद्यांवरून मुंबईतल्या ३५ वर्षांवरच्या जवळजवळ एक लाख माणसांची नोंद केली, तीही हातात मावणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर, त्या काळात! मग काही वर्षांनी पुन्हा त्याच घरांची दारं वाजवून कोण आहे, कोण गेलं ते पाहिलं. २००५ साली निष्कर्ष आले. व्यसन नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत बिडी ओढणाऱ्यांच्या मृत्यूचं प्रमाण सुमारे १.६ पट, सिगारेटवाल्यांचं १.४च्या आसपास. इथे भाव लावायची गरज नाही, एकूण किती होते ते ठाऊक आहे. बिडी म्हणजे गरिबाची, सौम्य, पानातली, असं आमच्याकडे समजत.

नात जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, मला एक चौकट काढून दे. दादाच्या चाळीचा दुसरा मजला मला अजून खोलीवार आठवतो. आम्ही सणावाराला तिथेच असायचो. मी १९८०च्या सुमारासचे मोठे पुरुष एकेक आठवून लिहिले. खोली अकरामधले मास्तर खायचे नाहीत. शेवटच्या खोलीतले भजनी बुवा खायचे नाहीत, माळकरी होते. असे करत वीस झाले. खाणारे १४, न खाणारे ६. खाणाऱ्यांत तोंडाचा कॅन्सर झालेले दोघे, दादा आणि घोड्यांचे भाव सांगणारे ते काका. न खाणाऱ्यांत कुणी नाही.

"शून्य आलं," मी म्हटलं. "शून्याने भागता येत नाही एवढं गणित मला येतं."

"अशा वेळी प्रत्येक खणात अर्धा मिळवतात," ती म्हणाली. ही युक्ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्यांतले एक हॉल्डेन, ते १९५७ साली भारतात येऊन राहिले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला कॅन्सरनेच गेले. मी चारही खणांत अर्धा अर्धा मिळवला. अडीच, साडेबारा, अर्धा, साडेसहा. तिरकस गुणाकार केला. २.६ आलं.

मी खूश. पण ती म्हणाली, थांब. तिने मोबाइलवर काहीतरी केलं आणि सांगितलं की एवढ्या थोड्या माणसांवरून काढलेला हा आकडा खरा म्हणजे ०.१ पासून ६२ पर्यंत कुठेही असू शकतो. म्हणजे तंबाखूने अपाय होतो असंही म्हणता येईल, आणि उपकार होतो असंही.

"मग या मजल्यावरून काहीच कळत नाही?"

"नाही आजी. मजला फार लहान आहे."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. कागद माझ्याकडेच राहिला आहे. तो मी दादाच्या पाटीबरोबर कपाटात ठेवला. पाटीवरचं त्याचं अक्षर केव्हाच पुसलं गेलं आहे, पण उजेडात तिरपी धरली की 'सगळेच' मधला 'ळ' थोडासा दिसतो.